थेंब मोजणारी डबी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



मी शास्त्रज्ञ नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हिंगोलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९७९ ला सुरू केलं, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. १ मे १९९९ ला जिल्हा झाला आणि दुकानाच्या पाटीवरचा पत्ता मला पुन्हा रंगवून घ्यावा लागला. आता दुकान बंद आहे, पण हाताची सवय गेलेली नाही. घरातला बंद पडलेला चार्जर कुणी फेकायला निघालं, की मी तो हातातून काढून घेतो. तेव्हा आज शोध आणि पेटंट या विषयावर बोलायला मला बोलावलं, याचं कारण माझी एक फसलेली गोष्ट आहे. ती आधी सांगतो.

१९९१ च्या उन्हाळ्यात माझे वडील आजारी पडले आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्या काळी सगळीकडे तीच परिस्थिती होती: एक सिस्टर आणि पंचवीस-तीस खाटा. रात्री सलाईन लावलेली. मी खाटेपाशी बसलेला, आई खाली सतरंजीवर. पहाटे माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाटली रिकामी झाली होती आणि नळीत हातभर रक्त उलटं चढलेलं होतं. मी धावत जाऊन सिस्टरला उठवलं. पुढे काही वाईट झालं नाही, पण आईनं मला जे ऐकवलं ते विसरलो नाही. ती म्हणाली, "तुह्या रेडिओला बोलता येतंय, ह्या बाटलीला नाही येत व्हय?"

वडील घरी आल्यावर मी त्याच कामाला लागलो. सलाईनच्या बाटलीखाली प्लास्टिकची जी छोटी पारदर्शक नळकांडी असते, जिच्यात थेंब पडताना दिसतो, तिच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश देणारा एलईडी बसवला. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच. समोरच्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडला की वीज वाहू देणारा भाग. थेंब मधून गेला की प्रकाश क्षणभर अडतो आणि एक ठोका मिळतो. ठोके येत राहिले तर सगळं ठीक. दहा सेकंदांत ठोका आला नाही तर बझर वाजणार. यासाठी ५५५ नावाची आयसी पुरते. ती तेव्हाही कुठल्याही दुकानात पाच-सात रुपयांना मिळायची.

दुकानातल्या टेबलावर झकास चाललं. दवाखान्यात नेलं तर बझर वाजेचना! बाटली संपली, थेंब थांबले, तरी यंत्र आपलं खुशाल गप्प. दोन रात्री डोकं खाजवल्यावर कळलं की दोष वरच्या ट्यूबलाइटचा होता. आपल्याकडे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोटोट्रान्झिस्टरला दिसतं. त्याला वाटत होतं, सेकंदाला शंभर थेंब पडताहेत. दिवसा उलटं व्हायचं. खिडकीतून ऊन आलं की त्याचे डोळे दिपायचे, थेंब दिसायचेच नाहीत आणि बझर उगाच बोंबलायचा. शेवटी शेजारच्या फोटो स्टुडिओतून कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी आणली. दोन्ही बाजूंना भोकं पाडली, उभी चीर दिली आणि ती नळकांडीभोवती बसवली. अंधार झाला आणि यंत्र शहाणं झालं.

त्या डबीचा मला फार अभिमान होता. १९९३ मध्ये एका प्रदर्शनात ती मांडली. एक गृहस्थ आले, हातात चामड्याची बॅग. तासभर उभे राहिले. कुठला एलईडी, किती सेकंद, डबी कशाला, सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. मी आनंदानं सांगत गेलो. तीन वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नातेवाइकाला भेटायला गेलो, तर सलाईनच्या स्टँडवर एक सुबक पांढरी पेटी लटकत होती. खाली चिमटा, चिमट्यात थेंबाची नळकांडी, दोन बाजूंना दोन काळे ठिपके. माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझं यंत्र चोरलं!

मंडळी, ही चोरीची कथा मी पुढची सोळा वर्षं सांगत होतो. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, लग्नात, रेल्वेच्या डब्यात. लोक हळहळायचे. मलाही हळहळण्याची चटक लागली होती, असं आता वाटतं.

२०१२ मध्ये पुण्याला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा सुट्टीला आला. त्याला मी ती कथा पंधराव्यांदा ऐकवली असेल. तो म्हणाला, "मामा, आपण शोधून तर बघू." त्यानं त्याच्या लॅपटॉपवर जगभरच्या पेटंटांची नोंद उघडली. मला वाटलं, त्या चामड्याच्या बॅगवाल्याचं नाव सापडणार. अर्ध्या तासानं त्यानं एक चित्र माझ्यापुढे धरलं. अमेरिकेतलं पेटंट, १९७० च्या दशकातलं. बाटली, नळकांडी, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग आणि भोवती आवरण. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून! असं एकच पेटंट नव्हतं. आम्ही पानं उलटत गेलो तशी आणखी सापडली. नळकांडीच्या आतल्या बाजूला थेंबांचे शिंतोडे उडून प्रकाश अंधूक होतो, हा माझ्याकडून कधीच न सुटलेला घोळ. त्यावरचा उपायही कुणीतरी लिहून ठेवला होता.

म्हणजे माझं कुणी काही चोरलं नव्हतं. चोरण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. त्या रात्री मी जेवलो नाही. राग गेला म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण सोळा वर्षं सांभाळलेला राग गेला की घर रिकामं वाटतं.

मग सवड होती, भाच्यानं रस्ता दाखवला होता, तेव्हा मी पेटंटं वाचायला लागलो. इंग्रजी अडखळत वाचतो, पण सर्किटची चित्रं मला गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचता येतात. आणि कळलं की पेटंट म्हणजे मी समजत होतो ते नव्हेच. मला वाटायचं, ते कुलूप आहे. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, त्यामुळे तसंच वाटतं. खरं तर तो सौदा आहे. शोध लावणाऱ्यानं आपली युक्ती, चित्रांसकट, दुसऱ्या कारागिराला करता येईल इतकी उघड लिहून द्यायची. बदल्यात सरकार त्याला वीस वर्षं सांगतं, हे दुसऱ्या कुणाला तुझ्या परवानगीशिवाय विकू देणार नाही. वीस वर्षं संपली की युक्ती सगळ्यांची. आपला कायदा १९७० चा, १९७२ पासून अमलात आला. त्यातली मोठी अट नावीन्याची. जगात कुठेही आधी उघड झालेली गोष्ट चालत नाही. आणि इथेच माझ्यासारखे फसतात, कारण ती आपण स्वतः उघड केलेली असली तरीही चालत नाही. सरकारनं खास जाहीर केलेली काही प्रदर्शनं सोडली, तर शाळेच्या-कॉलेजच्या प्रदर्शनात मांडलं, वर्तमानपत्रात छापून आणलं, की नावीन्य गेलं. माझी डबी खरंच नवी असती, तरी त्या बॅगवाल्या गृहस्थाशी तासभर बोलून मी तिचं पेटंट घालवलंच असतं. ही गोष्ट मला कुणी १९९३ मध्ये सांगितली नव्हती.

वाचता वाचता मला माझ्याच जातकुळीतला एक माणूस भेटला. माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, पण खटपट तीच: एलईडी, प्रकाश ओळखणारा भाग आणि रोगी. जपानमधले ताकुओ आओयागी. निहॉन कोहडेन या कंपनीत काम करायचे. त्यांना हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकतं ते मोजायचं होतं. रक्तात रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून तो रंग बघायचा. पण नाडीचे ठोके मध्ये मध्ये येऊन आलेख सगळा थरथरायचा. माझ्या ट्यूबलाइटसारखंच! हा थरथराट काढून टाकायचा प्रयत्न करताना त्यांच्या लक्षात आलं, की थरथरतं ते फक्त धमनीतलं रक्त. कातडी, हाड, शिरेतलं रक्त हे सारं स्थिर. तेव्हा लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांत तो थरथराट मोजला आणि त्यांचं गुणोत्तर काढलं, तर धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सुई न टोचता कळेल. मी थरथराट झाकायला डबी आणली आणि या माणसानं त्याच थरथराटातून यंत्र काढलं.

त्यांच्या कंपनीनं मार्च १९७४ च्या अखेरीस पेटंटचा अर्ज केला. आणि बघा गंमत, महिना उलटायच्या आत मिनोल्टा या दुसऱ्या जपानी कंपनीनं त्याच कल्पनेचा अर्ज केला. दोघांनी एकमेकांचं चोरलं नव्हतं. एकच फळ दोन फांद्यांवर एकाच वेळी पिकतं, असं शोधांच्या बाबतीत होतं. जपानमध्ये आधी अर्ज केलेल्याला पेटंट मिळालं. पण निहॉन कोहडेननं परदेशात अर्ज केला नव्हता, आणि अमेरिकेत पेटंट मिळालं ते मिनोल्टाला. आओयागी यांचं निधन १८ एप्रिल २०२० ला झालं. तेव्हा कोरोनाची साथ पसरत होती. पुढच्या काही महिन्यांत आपल्या खेड्यापाड्यांत आशाताई बोटाला चिमटा लावून "किती आला?" विचारत फिरत होत्या. तो चिमटा म्हणजेच पल्स ऑक्सिमीटर. आमच्या गल्लीत नव्वद आणि चौऱ्याण्णव यांतला फरक पोराटोरांना कळायला लागला होता. आओयागींचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नंतरच कळलं.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांना पेटंटचा तिटकारा होता. ज्ञान विकू नये, असं त्यांचं मत. तरीही सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह केला, आणि १९०४ मध्ये गॅलिना खनिजाच्या स्फटिकाच्या ग्राहकाचं अमेरिकन पेटंट त्यांना मिळालं. हा स्फटिक रेडिओलहरी ओळखायचा, प्रकाशही ओळखायचा. माझ्या फोटोट्रान्झिस्टरचा तो पणजोबाच म्हणा ना. बोस थोर खरे, पण या बाबतीत मला निवेदिता जास्त पटतात. लिहून ठेवलं नसतं तर पुढच्याला सापडलं कसं असतं?

आता माझ्या डोळ्याकडे येतो. मला साखर आहे. २०१९ मध्ये उजव्या डोळ्यानं वाचताना ओळी मध्येच वाकड्या दिसायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हनुवटी एका यंत्रावर टेकवायला सांगितली, आत एक हिरवी फुली दिसली, काही सेकंदांत संपलं. पडद्यावर माझ्याच पडद्याचा उभा छेद होता, शेतात विहीर खणताना मातीचे थर दिसतात तसा. मधल्या थरांत पाणी साचून फुगवटा आला होता. या तपासणीला ओसीटी म्हणतात. इंजेक्शनं घ्यावी लागली, पण ती वेळेवर मिळाली. आज मी हे भाषण कागदावरून वाचतोय ते त्याच डोळ्यानं.

साहजिकच मी घरी येऊन त्या यंत्राचं पेटंट शोधलं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्डशी संबंधित मंडळींनी हे तंत्र जाहीर केलं. डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांचे सहकारी. पेटंट १९९४ चं. यातले स्वॉन्सन हे उपग्रहांमध्ये लेझरनं संदेश पाठवायच्या कामातले इंजिनिअर, म्हणजे त्यांचं डोळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. युक्ती अशी: प्रकाशाचा एक झोत आरशानं दोन भागांत फोडायचा. एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा ठरलेल्या अंतरावरच्या आरशाकडे. दोन्ही परत आले की पुन्हा एकत्र करायचे. दोघांनी अगदी सारखं अंतर कापलं असेल तरच ते एकमेकांत मिसळून उजेड-अंधाराचे पट्टे उमटवतात. त्यावरून डोळ्यातला कुठला थर किती खोल आहे ते कळतं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत.

हे वाचताना मला हसू आलं. कारण हीच युक्ती मी आधी दुसरीकडे वाचली होती, आणि ती जागा माझ्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत आहे.

औंढा नागनाथ तालुक्यातलं दुधाळा. तिथे लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी मिळाली, आणि ११ मे २०२३ ला दिल्लीहून पायाभरणी झाली. २०३० पर्यंत काम पूर्ण करायचं उद्दिष्ट तेव्हा सांगितलं गेलं. तिथेही लेझरचा झोत दोन भागांत फोडायचा, काटकोनात दोन बाजूंना पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि मिसळायचा. फरक इतकाच की इथे एकेक बाजू चार किलोमीटरची, पूर्ण निर्वात नळीतून. आरसे चाळीस किलोचे, काचेच्या तंतूंवर टांगलेले. आकाशात कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं जातं, आणि दोन बाजूंच्या लांबीत फरक पडतो. किती? प्रोटॉनच्या जाडीच्या हजारावा हिस्साही मोठा म्हणावा इतका. एवढ्या बारीक मोजणीत ट्रकची घरघर, दूरच्या समुद्राच्या लाटा, सगळा गोंगाटच. म्हणून शांत जमीन हवी. आपला भाग मागास, कारखाने नाहीत म्हणून आपण रडतो. इथे तीच गोष्ट गुणपत्रिकेत चांगली ठरली.

लोक मला विचारतात, "तिथे अमेरिकेत दोन आहेतच ना, मग इथे कशाला?" याचं उत्तर पावसाळ्यातल्या गडगडाटासारखं आहे. वीज कुठे पडली हे एका गावातल्या माणसाला नुसतं ऐकून नीट सांगता येत नाही. पण लांबलांबच्या तीन-चार गावांतल्या माणसांनी घड्याळ लावून आपापली वेळ सांगितली तर येतं. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली, तेव्हा लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डला सेकंदाच्या सात हजारांश भागानं उशिरा. दोनच कान असल्यामुळे आकाशातला फार मोठा पट्टा उरला, त्यात ती कुठून आली ते सांगता येईना. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतला व्हर्गो तिसरा कान म्हणून जोडला गेला, आणि दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली तेव्हा दुर्बिणींना नेमकी आकाशगंगा शोधता आली. औंढ्याचा कान पृथ्वीच्या अगदी वेगळ्या बाजूला असणार, म्हणून त्याचं मोल.

अनेक वेधशाळांचं जाळं एकत्र ऐकून त्यातून एक लहर कशी ओळखायची, या गणिताचा मोठा भाग पुण्यात झाला. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या 'आयुका'त. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, म्हणजे मी डबीला भोकं पाडत होतो त्याच वर्षी, गोंगाटातून ठरावीक आकाराची लहर गाळून काढायच्या पद्धतीवर निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी वेधशाळांच्या जाळ्यासाठी पद्धत मांडली. पहिली लहर सापडायच्या चौदा वर्षं आधी! आणि याचं पेटंट नाही. असूही शकत नाही. आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे की वैज्ञानिक तत्त्वाच्या शोधाला पेटंट नाही, गणिताच्या पद्धतीला नाही, नुसत्या संगणक प्रणालीला नाही. माणसावर उपचार करायच्या रीतीलाही नाही. उपचाराच्या यंत्राला मात्र आहे. आइन्स्टाइनची लहर कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही, पण ती पकडणारा प्रकाशग्राहक किंवा आरसा टांगायची खुंटी नवी असेल तर होऊ शकते. ही रेघ मला बरोबर वाटते, जरी ती कुठे ओढायची यावर वकील पोटं भरत असले तरी.

कॉलेजं हल्ली "आमच्याकडे इतकी पेटंटं" असे फलक लावतात. त्यातली काही मी उघडून पाहिली. कुठे नुसता अर्ज असतो, कुठे फक्त आकाराची नोंदणी. चालायचंच. पण वाचायला मात्र फलक लावणारे जात नाहीत, हे खटकतं.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी आली. पॉलिटेक्निकला आहे. हळदीची भेसळ ओळखायची पेटी तिनं केली आहे. हिंगोली-वसमतची पोरगी हळदीशिवाय दुसरं कशावर काम करणार? निळा एलईडी हळदीवर टाकायचा, हळदीतलं कुरकुमिन पिवळट-हिरवं चमकतं, ती चमक मोजायची. "काका, सोमवारी प्रदर्शनात मांडायचीय," म्हणाली. मी तिच्या हातातून पेटी काढून कपाटात ठेवली. ती घाबरलीच. मग तिला सांगितलं, आधी शोधू. नवं निघालं तर तात्पुरता अर्ज करू. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला १६०० रुपये लागतात आणि पूर्ण कागद द्यायला बारा महिने मिळतात. तपासणीची फी वेगळी, ती पुढचं पुढे. नवं निघालं नाही, तर निदान कुणी कसं केलंय ते फुकटात शिकायला मिळेल.

प्रदर्शन होऊन गेलं. ती माझ्यावर जरा रुसली आहे, पण रोज संध्याकाळी येते. आतापर्यंत कुरकुमिनच्या चमकेवरची बरीच पेटंटं सापडली. एक जर्मन भाषेत आहे, त्याची आम्ही नुसती चित्रं बघतो आहोत. पूड सपाट करून धरायची तिची जी सरकती वाटी आहे, तशी वाटी अजून कुठल्याच चित्रात दिसलेली नाही. चिनी पेटंटं बघायची राहिली आहेत.